सह्याद्रीतील वाघ

सह्याद्रीतील वाघ म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरील जंगलात आढळणारा पट्टेरी वाघ (पँथेरा टायग्रिस). ही वेगळी जात नव्हे. ताडोबा-मेळघाटातील वाघ व हा वाघ एकाच जातीचे होत. मात्र सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांच्या डोंगराळ सीमाप्रदेशात तो अत्यंत दुर्मीळ आहे.

अधिवास

महाबळेश्वरच्या पठारावर (उंची सुमारे १,३५० मीटर) उगम पावणारी कोयना नदी दक्षिणेकडे वाहते. तिच्या खोऱ्यातील कोयना अभयारण्य व दक्षिणेस वारणेच्या खोऱ्यातील चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून जानेवारी २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. त्याचे एकूण क्षेत्र १,१६५.५७ चौ. किमी असून त्यांपैकी ६००.१२ चौ. किमी गाभा क्षेत्र आहे. उभे कडे, दाट सदाहरित व निमसदाहरित जंगल आणि माथ्यावरील कातळाचे उघडे सडे हे या प्रदेशाचे स्वरूप होय. गवा, सांबर, भेकर व रानडुक्कर हे वाघाचे येथील प्रमुख भक्ष्य आहे.

दुर्मीळतेची कारणे

व्याघ्र प्रकल्प घोषित झाल्यानंतरही येथे वाघ क्वचितच दिसत असे. मे २०१८ मध्ये चांदोलीत व त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये प्रकल्पक्षेत्रात वाघाचे छायाचित्र स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपले गेले. वयात आलेला नर वाघ नव्या क्षेत्राच्या शोधात दूरवर भटकतो. मादी मात्र बहुधा आईच्या क्षेत्रालगतच स्थिरावते. त्यामुळे दक्षिणेकडील गोवा व कर्नाटकाच्या जंगलांतून राधानगरीमार्गे नर येथवर पोहोचू शकतात, परंतु माद्या सहसा येत नाहीत. मादीवाचून प्रजनन नाही आणि प्रजननावाचून संख्या स्थिर राहत नाही.

संवर्धनाचे उपाय

भक्ष्य वाढावे म्हणून सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणून प्रकल्पात सोडण्यात आले. गाभा क्षेत्रातील अनेक गावांचे पुनर्वसन झाले. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे व शेते सोडणाऱ्या या ग्रामस्थांचा त्याग संवर्धनाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली. स्थलांतर हा उपाय आरंभापुरता आहे. राधानगरी व तिलारीमार्गे दक्षिणेकडे जाणारा भ्रमणमार्ग रस्ते, खाणी व बांधकामे यांनी तुटल्यास येथील मोजके वाघ एकाकी पडतील आणि निकटच्या नात्यांतील प्रजननामुळे त्यांची संतती दुर्बळ होण्याचा धोका उद्भवेल.

महत्त्व

वाघ अन्नसाखळीच्या शिखरावर असतो. तृणभक्षी प्राण्यांची संख्या त्याच्यामुळे मर्यादेत राहते आणि जंगलाला पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. वाघासाठी राखलेले हेच जंगल पावसाचे पाणी जमिनीत मुरवते व डोंगरउतारावरील माती धरून ठेवते. उतार उघडे पडल्यास ती माती वाहून शिवसागर जलाशयात साचते. या जलाशयावर सुमारे १,९६० मेगावॅट क्षमतेचा कोयना जलविद्युत प्रकल्प चालतो, तर कराड येथे कृष्णेला मिळणारे कोयनेचे पाणी सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतीला उपयोगी पडते. कोयना व चांदोली या दोन्ही क्षेत्रांचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा भाग म्हणून समावेश झाला. घाटमाथ्यावरील वाघाचे रक्षण हे अशा रीतीने खालच्या खोऱ्यांतील पाणी व शेती यांचेही रक्षण ठरते.