दोडका आणि घोसाळे : फुले उमलण्याची वेळ

दोडका व घोसाळे ही एकाच प्रजातीतील भावंडे होत. फळ धरले की शिरा पाहून दोडका ओळखतो. त्यापूर्वी पुष्कळांची फसगत होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद फुलांत आहे. घोसाळ्याची गर्द पिवळी फुले सकाळी उमलतात, त्यांवर मधमाश्या येतात. दोडक्याची फिकट पिवळी फुले सायंकाळी उमलतात व रात्री त्यांवर पतंग येतात. मधमाश्या वाचाव्यात म्हणून औषध सायंकाळी फवारावे, असे आपण सरसकट सांगतो. मीही सांगत असे. दोडक्यात नेमकी तीच वेळ परागीभवनाची. तेथे फुले मिटल्यावर, सकाळी उशिरा फवारावे. याच कारणास्तव दोन्ही वेल एका मांडवावर चढवू नयेत. फळधारणा कमी असल्यास नरफुलातील पराग मादीफुलास हाताने लावावेत; दोडक्यात हे काम दिवेलागणीस करावे लागते.