‘स्टॉप-लॉस’ : नायक बोलत राहिला, साथीदार लक्षात राहिले

किंबर्ली पीअर्स यांचा ‘स्टॉप-लॉस’ मार्च २००८ मध्ये अमेरिकेत लागला आणि बघता बघता उतरलाही. इराक युद्धावरच्या चित्रपटांकडे तेव्हा प्रेक्षक फिरकतच नव्हता. आदल्याच वर्षी ‘इन द व्हॅली ऑफ एला’ आणि ‘रिडॅक्टेड’ यांचीही तीच गत झाली होती. ‘बॉइज डोन्ट क्राय’नंतर (१९९९) पीअर्स यांचा हा पहिलाच चित्रपट. त्यांचा भाऊ इराकमध्ये लढलेला, त्यामुळे विषय घरातलाच होता.

टिक्रितच्या गल्लीत माणसं गमावून सार्जंट ब्रँडन किंग टेक्ससमधल्या आपल्या गावी येतो. मुदत भरली म्हणून सामान जमा करायला जातो, तर हाती पडतो पुन्हा इराकला निघण्याचा हुकूम. करार संपला तरी सैनिकाला रोखून धरायची मुभा लष्कराला होती; तिलाच ‘स्टॉप-लॉस’ म्हणत. ब्रँडन नकार देतो आणि पळतो.

ब्रँडन झालाय रायन फिलिपी. हुकूम ऐकतानाचा त्याचा चेहरा, काहीतरी घोटाळा झालाय आणि आत्ता निस्तरेल हा त्याचा भाबडा भरवसा, हे सगळं अस्सल आहे. पण पुढे पटकथा त्याच्या तोंडी युक्तिवाद घालते आणि तिथे तो माणूस कमी, बाजू मांडणारा वकील जास्त वाटतो. यात दोष नटाचा थोडा, लिखाणाचा अधिक.

चॅनिंग टेटमचं मात्र नवल वाटतं. ‘स्टेप अप’मधला (२००६) हा नाचणारा पोरगा इथे ब्रँडनचा साथीदार स्टीव्ह होतो. घरी परतल्यावर दारू पिऊन, अंगावर धड कपडे नसताना, तो अंगणातच खंदक खणतो आणि त्यात आडवा होतो. शब्द न सापडणारा दांडगा माणूस टेटम देहानेच उभा करतो. ‘फॉक्सकॅचर’मध्ये (२०१४) समीक्षकांना जे दिसलं, त्याची चुणूक इथेच होती. जोसेफ गॉर्डन-लेविटचा टॉमी लग्नात आलेल्या भेटवस्तूंवर गोळ्या झाडतो. त्याच्या वाट्याला प्रसंग थोडे, पण हा मुलगा आता सावरणार नाही, हे आपण पहिल्या अर्ध्या तासातच ओळखतो. ॲबी कॉर्निश ऑस्ट्रेलियाची, ब्रँडनच्या वडिलांच्या भूमिकेतला किअरन हाइंड्स बेलफास्टचा; टेक्ससमध्ये दोघंही बेमालूम मिसळलेत. कॉर्निशला तर बहुतेक वेळ नुसतं ऐकायचंच काम आहे आणि ते ती फार छान करते.

मला सर्वांत आवडतो तो व्हिक्टर रासूक. त्याचा रिको दृष्टी, एक हात आणि एक पाय गमावून लष्करी इस्पितळात आहे. ब्रँडन भेटायला येतो तेव्हा रिकोच त्याला हसवत राहतो आणि बोलता बोलता सांगतो की, पुन्हा लढायला जाऊन मेलो, तर घरच्यांना ग्रीन कार्ड तरी मिळेल. हे वाक्य रासूक किराणा मालाचा हिशेब सांगावा तसं म्हणतो. आवाज कापत नाही, कीव मागत नाही.

मार्च २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ‘स्टॉप-लॉस’ची सक्ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली. वर्षभराने इराक युद्धावरच्याच ‘द हर्ट लॉकर’ने सहा ऑस्कर नेले; ‘स्टॉप-लॉस’च्या नटांना साधं नामांकनही मिळालं नव्हतं. फिलिपी, टेटम यांचं एक वेळ समजू शकतं, रासूकला मात्र ते मिळायलाच हवं होतं.