जुन्या संगणक-भागांची ऑनलाइन विक्री आणि खरेदीदाराची तक्रार : गैरसमज व वस्तुस्थिती

वापरलेले ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम ऑनलाइन विकताना ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ एवढे लिहिले की विक्रेत्याची जबाबदारी संपते, हा समज जितका रुजलेला तितकाच फसवा आहे. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 16 नुसार माल पारखून घेणे हे मुळात खरेदीदाराचे काम ठरते, आणि माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा ही गर्भित अट, म्हणजे न लिहिताही करारात धरली जाणारी अट, त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्यालाच लागू होत असल्याने घरातला एखादा सुटा भाग विकणाऱ्याला काहीशी मोकळीक मिळते. मात्र वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही कलम 15 ची अट दुकानदार आणि घरगुती विक्रेता असा भेद करत नाही; आणि ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकणे हे तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 17 प्रमाणे कपटच होय.

खरेदीदाराच्या संगणकावर भाग चालला नाही म्हणजे तो सदोष आहे, हा याच्या उलट बाजूचा गैरसमज. 3200 वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर4 रॅम बहुधा 2133 किंवा 2400 वर चालू होते, कारण वाढीव वेगासाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ प्रणालीत, एक्सएमपी ही सोय सुरू करावी लागते; जुन्या बायोसचा मदरबोर्ड नवा प्रोसेसर ओळखतच नाही; आणि एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते, ती केवळ मोजणीच्या दोन पद्धतींमुळे. अशा तक्रारीत पैसे परत करण्याची घाई करण्याआधी मदरबोर्डचे मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि पडद्याचे छायाचित्र मागवणे शहाणपणाचे असते. तरीही प्रत्येक तक्रारदार लबाड असे मानू नये, कारण इंटेलच्या अलीकडच्या मदरबोर्डांवरील सॉकेटच्या नाजूक पिना सैल बांधणीमुळे वाटेत खरोखरच वाकू शकतात.

कुरिअरकडे माल सोपवला की पुढची जोखीम खरेदीदाराची, हेही अर्धसत्यच आहे. मालविक्री कायद्याच्या कलम 39 नुसार असे सोपवणे सकृद्दर्शनी खरेदीदाराला दिल्यासारखे असले, तरी मालाच्या स्वरूपाला साजेसा वाहतूक-करार विक्रेत्याने केला नसेल, तर नुकसानीच्या वेळी खरेदीदार ते सोपवणे आपल्याला दिल्यासारखे मानण्यास नकार देऊ शकतो.

पोलिसांत जाण्याची धमकी दोन्ही बाजूंनी सर्रास दिली जाते, परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधील फसवणुकीसाठी सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू लागतो, त्यामुळे महिन्याभराने बंद पडलेले कार्ड हा तेवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 देखील वैयक्तिक, अव्यावसायिक विक्रीला लागू नाहीत. नियमितपणे जुने भाग घेऊन विकणाऱ्याला मात्र ही सवलत सांगता येत नाही.

परतावा द्यायचे ठरल्यास तो आधी द्यावा लागतो, असेही अनेकांना वाटते. वस्तुतः भाग परत हाती येऊन त्यावरचा अनुक्रमांक पाठवण्यापूर्वीच्या छायाचित्राशी ताडून पाहिल्यानंतरच पैसे देणे योग्य, कारण चांगला भाग ठेवून बिघडलेला परत करण्याची लबाडी या अनुक्रमांकावरून उघड होऊ शकते.