तो हा नव्हे

दूरचित्रवाणीच्या मालिकांनी सीरियल किलरच्या शोधाचे एक ठरावीक चित्र आपल्या मनात पक्के केले आहे. पांढरा कोट घातलेला तज्ज्ञ चिमट्याने एक केस उचलतो, तो यंत्रात घालतो आणि क्षणात पडद्यावर खुन्याचा चेहरा उमटतो. प्रत्यक्ष प्रकरणांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा मला वेगळेच दिसले. खुनाच्या तपासात डीएनए चाचणी जगात पहिल्यांदा वापरली गेली, तेव्हा तिने प्रथम कोणाला पकडून दिले नाही. पकडलेल्या माणसाला सोडवले.

हे प्रकरण इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यातले. नारबरो आणि एंडर्बी ही तिथली शेजारशेजारची गावे. नोव्हेंबर १९८३ मध्ये नारबरोच्या एका पायवाटेलगत १५ वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला. बलात्कार करून तिचा गळा आवळला होता. बरीच चौकशी झाली, पण हाती काही लागले नाही. पुढे जुलै १९८६ च्या अखेरच्या दिवशी एंडर्बीजवळच्या तशाच एका वाटेवर दुसरी मुलगी मारली गेली. तीही १५ वर्षांचीच, आणि खुनाची रीतही तीच.

त्या वेळी प्रयोगशाळेच्या हाताशी मुख्यतः रक्तगटाची चाचणी होती. बहुतेकांच्या रक्ताप्रमाणे इतर शरीरद्रवांतही रक्तगटाची खूण उतरते. वीर्याच्या नमुन्यावरून कळले, की खुन्याचा रक्तगट 'ए' आहे आणि त्याच्या शरीरात एका एन्झाइमचा विशिष्ट प्रकार आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र असलेले पुरुष तिथे सुमारे दहा टक्के. म्हणजे शंभरातले नव्वद या चाळणीतून बाहेर पडत, पण उरलेल्या दहांपैकी नेमका कोण, हे सांगायला ती असमर्थ होती.

दुसऱ्या खुनानंतर पोलिसांनी १७ वर्षांच्या एका स्थानिक तरुणाला ताब्यात घेतले. जाहीर न झालेले तपशील त्याला ठाऊक आहेत, असे त्यांना वाटले. चौकशीत त्याने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. पहिला मात्र तो काही केल्या मान्य करीना. दोन्ही खून एकाच हातचे, याबद्दल पोलिसांना शंका नव्हती. पहिला गुन्हाही त्याच्यावर सिद्ध व्हावा, म्हणून ते जवळच्याच लेस्टर विद्यापीठातील ॲलेक जेफ्रीज या आनुवंशशास्त्रज्ञाकडे गेले.

जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४ मध्ये एका क्ष-किरण फिल्मवर विलक्षण गोष्ट दिसली होती. आपल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी अक्षरांचा एकच छोटा तुकडा पुनःपुन्हा येतो. कोणात तो दहा वेळा, कोणात तीस वेळा. अशा प्रत्येक ठिकाणचा एक वाटा आईकडून येतो, एक वडिलांकडून. विशिष्ट एन्झाइमने डीएनए कापला, जेलमधून विजेच्या साहाय्याने पुढे सरकवला, की लहान तुकडे पुढे धावतात आणि मोठे मागे रेंगाळतात. मग किरणोत्सारी खूण लावून फिल्मवर ठसा घेतला, की मालावरच्या बारकोडसारखे पट्टे उमटतात. एकसारखी जुळी भावंडे सोडली, तर दोन माणसांचे पट्टे सारखे येण्याची शक्यता नगण्य. १९८५ मध्ये घानाहून परतलेला एक मुलगा खरोखर त्याच आईचा आहे, हे याच पद्धतीने सिद्ध झाले होते.

खुनाच्या नमुन्यात मात्र आणखी एक अडचण असते. त्यात मृत मुलीच्या पेशी आणि गुन्हेगाराचे शुक्राणू एकमेकांत मिसळलेले असतात. त्यावर पीटर गिल या संशोधकाने सोपा वाटणारा उपाय शोधला होता. शुक्राणूचे डोके गंधकाच्या बंधांमुळे चिवट असते. आधी सौम्य रसायनाने इतर पेशी फोडून त्यांचा डीएनए धुऊन काढायचा, मग ते बंध तोडणारे दुसरे रसायन घालायचे. जे उरते ते बव्हंशी पुरुषाचे.

निकाल आला तो सगळ्यांना चकित करणारा. दोन्ही खून एकाच पुरुषाने केले होते, हा पोलिसांचा तर्क बरोबर ठरला. पण तो पुरुष हा तरुण नव्हता. फेरतपासणीतही तेच निघाले आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये त्याची सुटका झाली.

वाचताना मी अडखळलो तो इथे. न केलेल्या खुनाची कबुली माणूस का देतो? भीती, थकवा, कच्चे वय, समोरच्याला हवे ते सांगून सुटण्याची घाई, कारणे पुष्कळ असू शकतात. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तिच्यामागचे शहाणपण मला या प्रकरणातून कळले. चाचणी नसती, तर एक निरपराध मुलगा तुरुंगात गेला असता. प्रकरण मिटले म्हणून गाव निर्धास्त झाले असते, आणि खरा खुनी त्याच वाटांवरून मोकळा फिरत राहिला असता.

जानेवारी १९८७ पासून परिसरातल्या १७ ते ३४ वयाच्या पुरुषांना स्वेच्छेने रक्त आणि लाळेचे नमुने देण्याचे आवाहन झाले. सुमारे पाच हजार जणांनी ते दिले. आधी रक्तगटाची चाळणी लावायची आणि त्यातून उरलेल्यांचीच डीएनए चाचणी करायची, अशी रीत ठेवली. एकही नमुना जुळला नाही.

कोंडी फुटली ती प्रयोगशाळेबाहेर. ऑगस्टमध्ये बेकरीतली काही माणसे पबमध्ये बसली होती. त्यांतला एक जण बोलून गेला, की आपण सहकारी कॉलिन पिचफोर्कच्या नावाने रक्त देऊन आलो. त्यासाठी पासपोर्टवरचा फोटोही बदलला होता. तिथे असलेल्या एका स्त्रीला ते स्वस्थ बसू देईना. तिने पोलिसांना कळवले. सप्टेंबरमध्ये पिचफोर्कला अटक झाली, त्याचा नमुना दोन्ही प्रकरणांशी जुळला आणि जानेवारी १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. चाचणीला हुलकावणी देण्याची धडपडच त्याच्यावर उलटली, पण ती उघड व्हायला एका जागरूक बाईची गरज लागली.

याची दुसरी बाजू जर्मनीत दिसली. एप्रिल २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका तरुण पोलीस शिपाई स्त्रीचा गोळी घालून खून झाला. गाडीवरून घेतलेल्या नमुन्यात एका अनोळखी स्त्रीचा डीएनए निघाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या कितीतरी गुन्ह्यांत आधीच मिळाला होता. त्यांत खून होते तशा किरकोळ घरफोड्याही होत्या. 'हाइलब्रॉनचे भूत' या नावाने वृत्तपत्रे तिच्यावर लिहू लागली. मार्च २००९ मध्ये, एका जळालेल्या पुरुषाची ओळख पटवताना त्याच्या जुन्या कागदांवरच्या बोटांच्या ठशांतही याच स्त्रीचा डीएनए निघाला, तेव्हा कोडे सुटले. नमुने टिपायच्या कापसाच्या काड्यांनाच तो चिकटलेला होता. तो होता त्या काड्या वेष्टनात भरणाऱ्या एका कामगार बाईचा. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक करताना जंतू मरतात, डीएनए नष्ट होतोच असे नाही. नसलेल्या सीरियल किलरमागे पोलीस दोन वर्षे धावले. त्या शिपाई स्त्रीचे खरे मारेकरी नवनाझी टोळीतले होते, हे २०११ च्या अखेरीस उघड झाले.

दोन्ही कथांत प्रयोगशाळेतले काम चोख होते. 'हा डीएनए कोणाचा' आणि 'हा डीएनए कोणाचा नाही' एवढेच ती सांगते. तो तिथे कसा आला, हे तिला कळत नाही. ते पंचनामा, साक्षीदार आणि तपास अधिकाऱ्याची शंकेखोर बुद्धी यांनाच शोधावे लागते.

आपल्याकडे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळाला भेट आवश्यक केली आहे. ती सर्वत्र अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. ही चांगलीच गोष्ट. मात्र यापुढे 'डीएनए जुळला' अशी बातमी वाचली, की मी तरी दोन प्रश्न विचारणार आहे. नमुना कसा, कोणी आणि कशाने उचलला? आणि हीच चाचणी आरोपीच्या बाजूने गेली असती, तर पोलिसांनी ती तेवढ्याच तत्परतेने मान्य केली असती का? लेस्टरच्या पोलिसांनी ती मान्य केली. कबुली हातात असतानाही त्यांनी त्या १७ वर्षांच्या मुलाला घरी जाऊ दिले आणि तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.