लेणीच्या गाडीत पाण्याचेही ठरवा

अशोक विजयादशमी जवळ आली की बीबी आणि आसपासच्या वस्त्यांत औरंगाबादच्या बुद्धलेणीच्या गाडीची चर्चा सुरू होते. माणशी वर्गणी किती, सिंदखेडराजा-जालना मार्गे जाणारी गाडी किती वाजता काढायची, पांढऱ्या साड्या काढून ठेवल्या का, हे सगळे ठरते. पाण्याचे मात्र कोणी बोलत नाही. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही लेणीच्या गाडीबद्दलच लिहीत आहोत.

आपल्या आयाबहिणी प्रवासात पाणी पीत नाहीत. तहान लागते, पण वाटेत लघवीला जायचे कुठे आणि भरल्या गाडीत 'थांबा' म्हणायचे कसे, या संकोचाने त्या पहाटेपासून घोटभर चहावर राहतात. गाडी डोंगराच्या पायथ्याशी लागते तेव्हा शरीर कोरडे पडलेले असते, आणि त्याच अंगाने पायऱ्या चढायच्या असतात. मग डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते. घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते ती वेगळीच. हे बायकांच्या सहनशक्तीवर सोडू नका. गाडी ठरवतानाच मंडळाने दोन थांबे पक्के करावेत, एक जालना बसस्थानकावर आणि दुसरा शहरात शिरण्याआधी शौचालय असलेल्या एखाद्या पेट्रोल पंपावर. गाडी निघताच ते मोठ्याने सांगावेत. थांबा कुठे आहे हे माहीत असले की बाई पाणी पिते. पाणी घरूनच न्यावे, माणशी दोन लिटर तरी. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी तेच माप पाळावे.

लेणी बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात आहेत. 1 ते 5 क्रमांकाची लेणी पश्चिमेच्या गटात, 6 ते 9 पूर्वेच्या. चौथे लेणे म्हणजे स्तूप असलेले चैत्यगृह, ते इथले सर्वांत जुने. तिथे वंदना झाली की माणसे दम न घेता दुसऱ्या गटाकडे निघतात, आणि तिकडे पुन्हा चालणे आणि चढणे आहे. अर्धा तास सावलीत बसा. डोंगर कुठे जात नाही. सातव्या लेण्यात आठ भयांतून सोडवणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. आग, साप, हत्ती, बुडते जहाज अशी त्या काळच्या वाटसरूंची संकटे त्यात दिसतात. आज गाडीतून येणाऱ्यांची संकटे वेगळी आहेत.

त्यातले एक आपल्या रक्तातच असू शकते. विदर्भात सिकलसेल हा आजार आदिवासींप्रमाणेच बौद्ध समाजातही बराच आढळतो. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण होते, त्याला एसएस म्हणतात. एकाकडूनच आला तर ते वाहक, म्हणजे एएस. रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडले, फार श्रम झाले किंवा एकदम गारठा लागला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. अशा मुलाला 'चल, चल, इतरांची पोरे बघ कशी पळतात' असे म्हणू नका. डॉक्टरांनी हो म्हटले तर न्या, पण सावकाश चढवा, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्या, रात्री परतताना वाऱ्यापासून झाका, रोजची गोळी चुकवू नका. ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली तर गाडी सुटायची वाट न पाहता दवाखाना गाठा. घाटी रुग्णालय त्याच शहरात आहे. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, तरी त्यानेही कोरड्या अंगाने उन्हात दमछाक करून घेऊ नये. तपासणी अजून झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात विचारा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते. लग्न ठरण्याआधी झाली तर फारच बरे.

आता साखरेच्या गोळीचे. पौर्णिमेला लेणीवर जाणारे कितीतरी जण उपोसथ धरतात, आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. सकाळी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि दिवसभर पोटात काही नाही, वर चढण, तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी विकाळीही औषध म्हणून घ्यायची मुभा भगवंतांनी दिली होती, हे विनयपिटकात आहे. मग आपणच आजारी माणसाला उपाशी का ठेवायचे? बाबासाहेबांनाही मधुमेह होता. गोळी लपवून ठेवण्यासारखे त्यात काही नाही.

साखरेच्या रोग्याच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, तापलेल्या काळ्या खडकाचा चटका त्याला कळत नाही आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतो. आपला काही नवस नाही, अनवाणी चढायचे कारण नाही. चप्पल फक्त वंदनेपुरती काढावी, जाड सुती मोजे घालून.

डबा कोरडा न्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मुरमुरे, गूळ, केळी. पहाटे शिजवलेली खिचडी झाकून नेऊन दुपारी वाटू नका, बंद भांड्यातला ओलसर भात उन्हात लवकर बिघडतो. फेब्रुवारी 2024 मध्ये शेजारच्या सोमठाण्यात भगर-आमटी खाऊन शेकडो माणसे आजारी पडली होती. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयाबाहेर दोरीला सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या, ते कोणी विसरलेले नाही.

पिशवीत ओआरएसच्या चार पुड्या असू द्या. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उन्हाने कोणी बरळू लागले, अंग भाजल्यासारखे तापले तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, 108 ला फोन लावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका.

गुडघे साथ देत नसतील किंवा चढताना छाती दाबल्यासारखी वाटत असेल, तर खाली बसा. पायथ्याशी विहार आहे, तिथे वंदना करा. वर गेलेल्यांच्या पिशव्या आणि उरलेले पाणी सांभाळायलाही कोणी लागतेच.