अ‍ॅडमिनचे दार बंद झाल्यावर

वर्डप्रेसवरची वेबसाइट कोलमडली की बहुधा तिचे अ‍ॅडमिन पॅनेलही उघडत नाही, कारण दोन्हींमागे एकच पीएचपी प्रोग्राम चालतो. एखादा प्लगइन अपडेट करावा आणि पुढच्या क्षणी लॉगिनचे पानसुद्धा पांढरेफटक दिसावे, असे अनेकांच्या वाट्याला येते. वर्षानुवर्षांचे लेखन गेले या विचाराने पोटात गोळा येतो. ते गेलेले नसते. लेखांचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो, फोटो सर्व्हरवरच्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये. बिघाड बहुतेक वेळा एखाद्या फाइलमधल्या दोन-चार ओळींचा असतो, आणि तिथवर पोहोचायला होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधला फाइल मॅनेजर पुरतो.

त्याआधी ईमेल तपासावा, स्पॅमसकट. 2019 मध्ये आलेल्या 5.2 या आवृत्तीपासून गंभीर चूक घडली की वर्डप्रेस अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर मेल पाठवते. चूक कोणत्या प्लगइनमध्ये किंवा थीममध्ये झाली, हे त्यात लिहिलेले असते. सोबतच्या लिंकवरून ‘रिकव्हरी मोड’मध्ये लॉगिन करून तो प्लगइन बंद करता येतो.

मेल आलाच नाही, तर भरवशाचा उपाय म्हणजे फोल्डरचे नाव बदलणे. आधी बॅकअप घ्यावा. मग ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधल्या ‘प्लगइन्स’ फोल्डरला ‘प्लगइन्स-जुने’ असे काहीही नाव द्यावे; डिलीट मात्र करू नये. प्लगइन सापडत नाहीत म्हणून वर्डप्रेस त्यांच्याविना चालू होते. लॉगिन करून प्लगइनची यादी एकदा उघडली की सगळे निष्क्रिय होतात. मग फोल्डरचे नाव पूर्ववत करून एकेक प्लगइन सुरू करत जावे. ज्याच्यापाशी पान पुन्हा पांढरे पडते, तोच दोषी.

तरीही उलगडा होत नसेल, तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा लॉग वाचावा. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमध्ये डिबग आणि डिबग-लॉग हे दोन पर्याय चालू केले की ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये लॉगची फाइल तयार होते. कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर प्रोग्राम अडला, हे तिथे स्पष्ट नोंदलेले असते. काम झाल्यावर पर्याय बंद करून ती फाइल काढून टाकावी. बाहेरच्यांनाही ती वाचता येऊ शकते.

काही संदेश स्वतःच दिशा दाखवतात. मुखपृष्ठ उघडते पण आतली सगळी पाने ‘404’ दाखवतात, तेव्हा अपाची सर्व्हरवर ‘एचटी-अ‍ॅक्सेस’ फाइलमधले नियम बिघडलेले किंवा पुसले गेलेले असतात. डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश आला, तर कॉन्फिग फाइलमधले डेटाबेसचे नाव, युजर, पासवर्ड आणि होस्ट ताडून पाहावेत. होस्टिंग बदलल्यावर यांतलेच काहीतरी जुने राहून जाते. साइट भलत्याच पत्त्यावर पळत असेल, तर पीएचपी-माय-अ‍ॅडमिनमधून ‘ऑप्शन्स’ या टेबलातले ‘साइट-यूआरएल’ आणि ‘होम’ हे दोन पत्ते दुरुस्त करावेत.