मायक्रोआरएनए: संगणकाची यादी आणि पेशीतले वास्तव

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए. तो जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि त्यापासून प्रथिन बनण्याला आळा घालतो. १९९३ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी हे मिलिमीटरभर लांबीच्या एका गोलकृमीत दाखवले. २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. कोणता मायक्रोआरएनए कोणत्या जनुकाला आवरतो, याची यादी आज संगणक काही क्षणांत देतो. मात्र ती यादी वाचताना काही गैरसमज हमखास आड येतात.

गैरसमज : संगणकाने दाखवले, म्हणजे ते जनुक मायक्रोआरएनएचे लक्ष्य ठरलेच.
वस्तुस्थिती : प्राण्यांमध्ये लक्ष्याची ओळख मुख्यतः मायक्रोआरएनएच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरावर, म्हणजे ‘सीड’वर ठरते. चार अक्षरांच्या लिपीत सात अक्षरांची ठरावीक जुळणी निव्वळ योगायोगानेही सरासरी १६,३८४ अक्षरांमागे एकदा सापडते. म्हणूनच ‘टार्गेटस्कॅन’सारखे साधन आणखी दोन गोष्टी तपासते: ती जागा इतर प्राण्यांतही उत्क्रांतीत टिकली आहे का, आणि तिच्या आजूबाजूचा मजकूर कसा आहे. एवढे करूनही हाती येते ते भाकीतच.

गैरसमज : चार साधनांचे एकमत म्हणजे पुरावा.
वस्तुस्थिती : बहुतेक साधने सीड आणि उत्क्रांतीतले टिकणे याच गृहीतकांवर उभी आहेत. त्यामुळे त्यांची साक्ष स्वतंत्र नसते. उलट, फक्त सामायिक नावे ठेवली तर काही खरी लक्ष्ये गळून पडतात.

गैरसमज : मायक्रोआरएनए जनुक पूर्ण बंद करतो.
वस्तुस्थिती : एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर काम करतो, पण प्रत्येकाचे प्रथिन बहुधा थोडेच घटवतो. एका जनुकावर अनेक मायक्रोआरएनएही काम करतात. म्हणून एकच जोडी उचलून रोगाचे कारण सांगणे धोक्याचे.

गैरसमज : माहितीकोशात नोंद आहे, म्हणजे तो खरा मायक्रोआरएनए.
वस्तुस्थिती : ‘मिरबेस’ या माहितीकोशाच्या २२ व्या आवृत्तीत माणसाच्या १,९१७ नोंदी आहेत. काटेकोर निकष लावणाऱ्या ‘मिरजीनडीबी’त मात्र मानवी मायक्रोआरएनए जनुके सुमारे साडेपाचशेच उरतात.

गैरसमज : एकच साधन वनस्पतींनाही चालते.
वस्तुस्थिती : वनस्पतींत जुळणी जवळपास पूर्ण लांबीची असते आणि संदेशवाहक आरएनए बहुधा कापलाच जातो. त्यासाठी ‘पीएसआरएनएटार्गेट’सारखी वेगळी साधने आहेत.

मग खात्री कशी करायची? संशयित जागा प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेज जनुकाला जोडून मायक्रोआरएनएमुळे तो प्रकाश मंदावतो का, हे पाहायचे. त्यानंतर त्या जागेची अक्षरे बदलून तो परिणाम नाहीसा होतो का, हे तपासायचे. हजारो जनुकांतून कुठे शोधायचे हे संगणक सांगतो, आणि त्यामुळे वर्षांची मेहनत वाचते. त्याच्या यादीला निष्कर्ष मानून प्रबंध लिहिला, तर ती वाचलेली मेहनत पुढच्या संशोधकाला भरून काढावी लागते.